जुनं मॅच एअर पिस्तूल घेताना: फाइनवर्कबाउ ६५ की वॉल्थर एलपी ३? आणि डायना, वेबलीचं काय?

जुनं एअर पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "नेम कसा आहे?" साठ-सत्तरच्या दशकातल्या जर्मन मॅच पिस्तुलांच्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठी बनलेल्या पिस्तुलांच्या बाबतीत ही चिंता करू नका. नीट चालणारं पिस्तूल असेल तर दहा मीटरवर ते आपल्यापैकी बहुतेकांच्या हातापेक्षा सरसच ठरतं. विचारायचं ते वेगळंच. आतलं सील गेलं तर नवीन कुठून येणार? ते बसवणार कोण? आणि हरवलेला एखादा स्क्रू इथल्या लेथवर होईल का? या तीन प्रश्नांवर मॉडेल निवडलं तर पिस्तूल वर्षानुवर्षं हातात राहतं, नाहीतर कपाटात.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याची रेषा ०.१७७ इंच बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूल ताकद अशी आहे, त्यापुढे परवाना लागतो. मॅच पिस्तूल ४.५ मिमीचं, म्हणजे ०.१७७ चंच असतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरने सुटला तरी हिशेब साडेपाच ज्यूलच्या आसपास येतो, त्यामुळे ताकदीचा प्रश्न येत नाही. बोअरचा मात्र येतो. वेबलीसारखी काही जुनी पिस्तुलं ०.२२ मध्येही निघाली, ती वेगळ्या खात्यात जातात. घेण्याआधी नळीवरचा आकडा स्वतः वाचा आणि शंका असेल तर पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा.

आता मुख्य जोडी.

फाइनवर्कबाउ ही ओबर्नडॉर्फची कंपनी. माउझरमध्ये काम केलेल्या कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबर्गर यांनी ती १९४९ मध्ये काढली. ६५ हे मॉडेल नावाप्रमाणे १९६५ चं आणि त्यानंतर सुमारे तीन दशकं ते बनत राहिलं. आत साधी स्प्रिंग आणि पिस्टन, बाजूला कॉकिंगची, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची लांब लीव्हर. स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का बसतोच. तो हाताला जाणवू नये म्हणून नळी, सिलिंडर आणि नेम धरायच्या दोन्ही साइट्स मिळून अख्खा वरचा भाग रुळांवर मागे सरकतो, हातातला सांगाडा जागच्या जागी राहतो. डोळ्याला साइट हललेली दिसते, तोवर छर्रा नळीबाहेर गेलेला असतो.

या पिस्तुलाची एक गंमत विक्रेत्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. वरचा भाग सरकू नये म्हणून तो अडकवून ठेवायची सोय मुद्दाम दिलेली आहे, ०.२२ पिस्तुलाच्या धक्क्याचा सराव व्हावा म्हणून. ट्रिगरलाही दोन वजनं आहेत, सुमारे ५०० ग्रॅम आणि सुमारे १,३६० ग्रॅम. म्हणून "धक्का फार मारतं, ट्रिगर जड झालाय" या तक्रारीवर कोणी ६५ स्वस्तात काढत असेल, तर आधी ही दोन्ही बटणं कुठे आहेत ते बघा. पिस्तूल धडधाकट निघण्याची शक्यता बरीच असते.

खरा बिघाड बहुतेक वेळा रबर-प्लास्टिकच्या भागांत असतो. त्या काळच्या जर्मन कारखान्यांनी वापरलेले काही कृत्रिम पदार्थ वयानुसार मऊ किंवा ठिसूळ होऊन चुरतात. पिस्तूल वापरलं की नुसतं पडून राहिलं, याने फारसा फरक पडत नाही. नळीतून पांढरं फडकं ओढलं आणि त्यावर मेणासारखे तपकिरी कण आले, तर आतलं सील किंवा बफर (धक्का झेलणारी गादी) गेलं असं समजा. ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं सील तपासायला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी पुरते. सिलिंडर आणि नळी जिथे मिळतात त्या सांध्यावर ती हलकेच ठेवा, छर्रा भरा, सुरक्षित दिशेला एक फायर करा. पट्टी उडाली तर हवा तिथून जाते आहे. तिथलं काम स्वस्त आणि सोपं. पट्टी हलली नाही आणि तरीही छर्रा रेंगाळत जात असेल, तर पिस्टनपर्यंत जावं लागेल. छर्रा न भरता फायर करून बघू नका, स्प्रिंगच्या पिस्तुलात पिस्टन पुढे सरळ धातूवर आपटतो. आणि भरताना लीव्हर दुसऱ्या हाताने धरून ठेवा, पिस्टन अडकवून ठेवणाऱ्या जुन्या खाचेच्या भरवशावर बोट आत घालू नये.

वॉल्थर एलपी ३ ची जात वेगळी. उल्मच्या या कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस आधी एलपी २ आणि पाठोपाठ एलपी ३ काढलं. यात स्प्रिंग-पिस्टनचा धक्का नाहीच. लीव्हरच्या एका फेरीत हवा दाबून छोट्या कप्प्यात साठते आणि ट्रिगर दाबला की व्हॉल्व्ह ती सोडून देतो. शॉटच्या वेळी हलणारा जड भाग नसल्याने हाताला अतिशय शांत वाटतं. ज्याने एकदा चांगलं एलपी ३ हाताळलंय, त्याला ते आवडतंच. मलाही स्वभावाने हेच जवळचं.

पण दुरुस्तीच्या बाजूने बघितलं की चित्र बदलतं. ६५ चं सील झिजू लागलं की वेग हळूहळू उतरतो, तुम्हाला सावरायला काही महिने मिळतात. एलपी ३ चा व्हॉल्व्ह गळू लागला की आज चाललेलं पिस्तूल उद्या नुसतं फुस्स करतं. दुसरीकडे, एलपी ३ उघडताना दाबून बसलेली मोठी पिस्टन-स्प्रिंग अंगावर येण्याची भीती नाही, आणि आतल्या ओ-रिंग (सील करणाऱ्या गोल रबरी रिंगा) मोजून बाजारातून आणता येतात. अडतं ते व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह ज्यावर टेकून बंद होतो तिथे) आणि लीव्हरच्या सांध्यांवर. ते भाग खास याच पिस्तुलाचे. एलपी २ मध्ये हे दुखणं आणखी अवघड, भागही दुर्मीळ. म्हणून एलपी २ संग्रहासाठी घ्या, रोजच्या सरावासाठी नको.

एलपी ३ विकत घेण्याआधीची चाचणी सोपी आहे आणि विक्रेत्याने करू दिली नाही तर सरळ उठून यावं. लीव्हर चालवताना शेवटच्या टप्प्यात स्पष्ट जोर लागला पाहिजे. सैल, पोकळ वाटली तर पंपाचं सील गेलंय. मग छर्रा भरून लगेच एक फायर करा आणि पुठ्ठ्यावर आवाज ऐका. पुन्हा पंप करा, पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून पाच मिनिटं थांबा आणि फायर करा. दोन्ही आवाज सारखे आले तर व्हॉल्व्ह ठीक. दुसरा मवाळ आला तर किंमत पाडून घ्या किंवा सोडून द्या. ही फक्त चाचणी. एरवी हवा भरून ठेवून द्यायची नाही, सीलचं आयुष्य त्याने कमी होतं.

ट्रिगर दोन्हींचा तपासा. दहा मीटर एअर पिस्तुलात नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन लागतं. कॉक केलेलं पिस्तूल नळी वर करून उभं धरा आणि ट्रिगरला अडकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन उचला. खटका सुटला तर खाच घासलेली आहे किंवा कोणीतरी आत कानस चालवली आहे. कानस चाललेला ट्रिगर मी कुठल्याच किमतीला घेऊ देणार नाही. सील नवीन येतं, घासलेला पोलाद परत येत नाही.

एकच पिस्तूल घ्यायचं असेल तर माझं मत फाइनवर्कबाउ ६५ च्या बाजूने. ते फार वर्षं बनलं, जगभर पसरलं, त्यामुळे भागही फिरत असतात आणि मोडीत निघालेली पिस्तुलंही. त्याच घराण्यातलं मॉडेल ८० मिळालं तरी चालेल, जात तीच. एलपी ३ ची चाचणी तुमच्या डोळ्यांसमोर पार पडली आणि व्हॉल्व्हचं काम जाणणारा कोणी तुमच्या शहरात असेल, तर ते जरूर घ्या. टपालाने, न बघता, नुसत्या फोटोवर घ्यायचं असेल तर एलपी ३ नकोच.

डायना ६ आणि १० कडे पुष्कळ जण ६५ चा स्वस्त पर्याय म्हणून बघतात. नळी मधून वाकवून कॉक करायची, धक्का नाहीसा करायला गीस पद्धत. एक पिस्टन पुढे जातो त्याच वेळी दुसरा मागे येतो आणि दोन्ही धक्के एकमेकांना रद्द करतात. दोन्ही पिस्टन दातेरी पट्टी आणि चाकाने बांधलेले. कल्पना सुंदर आहे, चाललं की फार गोड चालतं. पण यांची मूळ सीलं चुरतातच. नवीन, टिकाऊ पदार्थाची मिळतात, प्रश्न जोडणीचा आहे. एक दाता इकडेतिकडे झाला की दोन्ही पिस्टनचं टायमिंग बिघडतं, धक्का परत येतो आणि दात्यांवर ताण पडतो. उघडताना चाकावर आणि पट्टीवर खूण करून प्रत्येक पायरीचा फोटो काढणारा माणूस असेल तरच यात पडा. "एअरगन उघडून बघतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिकच्या हाती डायना १० देऊ नका.

वेबली हे मॅच पिस्तूल नव्हे, तरी जुन्या घरांतून निघतं म्हणून त्याचा विचार करावा लागतो. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचं पहिलं एअर पिस्तूल १९२४ चं. नळी सिलिंडरच्या वर, ती उचलून कॉक करायची, ही रचना पुढे सीनिअर, प्रीमिअर, हरिकेन, टेम्पेस्ट अशी दशकानुदशकं चालली. त्यामुळे दुरुस्तीची माहिती आणि भाग, दोन्ही बाबतींत वेबली सगळ्यांत सोपी. इंग्लंडमधल्या चेंबर्ससारख्या दुकानांत भागांच्या आकृत्या बघून क्रमांकाने मागणी देता येते. धक्का चांगलाच बसतो, दहा मीटरवर गुण मिळवायला ती बनलेली नाही. आजोबांची वेबली असेल तर दुरुस्त करून जपा. स्पर्धेसाठी विकत मात्र घेऊ नका.

आणि ऐंशीच्या दशकातली सीओटूवर चालणारी, वॉल्थर सीपी किंवा फाइनवर्कबाउ सी १० सारखी? हातात फार छान, पण महाराष्ट्रात मी सुचवणार नाही. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहतच नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्यातच काय, पुण्याच्या पत्र्याखालच्या रेंजवरही पारा त्यापुढे जातो. मग दाब सिलिंडर किती भरलाय त्यावर हलतो आणि छर्रा वर-खाली लागतो. वर जुना सिलिंडर, त्याची संपलेली मुदत आणि भरायचा न मिळणारा अॅडॉप्टर. साधी नायट्राइल रबराची ओ-रिंग या वायूने फुगते, पॉलियुरेथेनची लागते. एवढ्या कटकटीत सराव राहून जातो.

भाग मागवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कस्टम्सच्या वर्गीकरणात एअर पिस्तूल ९३०४ खाली येतं आणि त्याचे सुटे भाग ९३०५ खाली, म्हणजे शस्त्रांच्याच प्रकरणात. नळी, सिलिंडर, ट्रिगरचा संच असं काही परदेशातून पाकिटात मागवलं तर ते अडकू शकतं, म्हणून आयातीचे नियम आधी विचारून घ्या. साधी ओ-रिंग मात्र रबराची वस्तू आहे आणि ती परदेशातून मागवायची गरजही नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हायड्रॉलिक सीलची दुकानं आहेत. जुनी रिंग नेऊन "अशीच द्या" म्हणू नका, कारण ती चपटी आणि ताणलेली असते. रिंग बसते त्या खाचेची रुंदी, खोली आणि व्यास व्हर्नियरने मोजून कागदावर लिहून न्या. जर्मन पिस्तुलाला मेट्रिक माप धरा, इंग्लिश वेबलीला इंची, म्हणजे १.७८ किंवा २.६२ मिमी जाडीची. रबराचा कडकपणा ७० शोअर (कडकपणा मोजायचं माप) की ९० हेही सांगा. पंपाच्या सीलला ७० ने सुरुवात करा.

स्प्रिंग, पिना, स्क्रू, ब्रीचचे वॉशर हे सगळं इथे होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत छोट्या कामाला हो म्हणणारा लेथवाला शोधावा लागतो, पण सापडतो. स्प्रिंग वळवून घ्यायची तर तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी, चारही मापं द्या. मूळ तारेपेक्षा जाड तार घालून "ताकद वाढवू" म्हणणाऱ्याला ठाम नाही म्हणा. मॅच पिस्तुलाला ताकद नको असते, सारखेपणा हवा असतो, आणि जड स्प्रिंग ६५ च्या सरकत्या रुळांचा जीव घेते. मूठ फुटली असेल तर चांगला सुतार शिसवीची करून देतो, डावखुऱ्यांना तर तोच मार्ग परवडतो. मागच्या साइटचं पान किंवा तिचा बारीक स्क्रू मात्र इथे करून घेणं जिकिरीचं, म्हणून साइट अपुरी असलेलं पिस्तूल सील गेलेल्यापेक्षा महाग समजा.

तेलाचं एवढंच. सिलिंडरमध्ये शिलाई मशीनचं तेल किंवा कुठलंही पेट्रोलियम तेल सोडू नका, दाबाने ते पेटतं आणि सील जळतं. सीलला सिलिकॉन, स्प्रिंगला मोलिब्डेनमची पेस्ट बोटाच्या टोकावर मावेल इतकीच. विक्रेत्याने "कालच तेल टाकलंय" असं सांगितलं तर चाचणीआधी नळी दोन-तीन फडक्यांनी कोरडी करा, कारण पेटलेल्या तेलाचा वेग तासाभरापुरता खोटा असतो.