बारा बोअरला एस.जी. की एल.जी.? एका हंगामानंतरचा अनुभव

मक्याची कणसं दुधात आली तेव्हापासून हरभरा निघेपर्यंत पिकात घुसणाऱ्या रानडुकरांवर एस.जी. आणि एल.जी. ही दोन्ही काडतुसं, म्हणजे मोजकेच मोठे शिशाचे दाणे भरलेली, वापरली. शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. बंदूक वडिलांच्या वेळची बारा बोअर दुनळी, परवाना आता माझ्या नावावर. गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं : डुकराला एल.जी.च पाहिजे, दाणा मोठा असतो. मी मात्र यापुढे एस.जी.च घेणार.

आधी दाण्यांचा हिशेब बघा. एल.जी.चा दाणा साधारण ९ मिलिमीटरचा, एस.जी.चा साडेआठच्या आतबाहेर. हातावर ठेवले तर फरक पटकन कळतही नाही. पण एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅम शिशात, एल.जी.चे सहाच दाणे बसतात आणि एस.जी.चे आठ. अंधारात पळत्या जनावरावर हे दोन जास्तीचे दाणे फार कामाचे.

रेंजवर दोन्ही पुठ्ठ्यावर मारून पाहिली. वीस पावलांवर तक्रारीला जागा नाही. तीस पावलांवर उजव्या, मोकळ्या नळीतून एल.जी.चा बार टाकला तर मधला भाग कोरा आणि दाणे कडेला पांगलेले. डाव्या नळीला फुल चोक आहे, म्हणजे तोंडाशी ती आवळलेली आहे, तिथे सुधारेल असं वाटत होतं. तिथे तर दोन भोकं एकमेकांना चिकटलेली, बाकीची पुठ्ठ्याच्या काठावर. मोठे मऊ दाणे चोकमध्ये एकमेकांवर दाबले जातात, चेपतात आणि वाकडे जातात. एस.जी. त्याच अंतरावर दोन्ही नळ्यांतून जास्त भरीव पडली. अर्थात प्रत्येक नळीची खोड वेगळी, तुमच्या बंदुकीचं तुम्हीच पाहा.

शेतातही तेच दिसलं. डुकराचं मर्म पुढच्या पायाच्या मागे, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत. तिथे दोन-तीन दाणे एकदम बसले पाहिजेत. भाद्रपदात एका रात्री सालदार हळूच म्हणाला, "भाऊ, डुकरं उनात!" (आली). मक्याच्या बांधावर मोठा नर आडवा उभा होता, अंतर पंचवीस पावलांच्या आत. एस.जी.च्या एका बारात तिथेच बसला. पंचनाम्यात खांद्यामागे चार भोकं दिसली. त्याआधी एल.जी. लागलेल्या डुकराच्या अंगात एकच दाणा होता, तोही पोटात. ते शेजारच्या केळीत शिरलं आणि दिवस उजाडेपर्यंत वनरक्षकासोबत रक्ताचा माग काढावा लागला. सकाळी त्याच बागेत घड कापायला बायामाणसं येणार होती. जखमी डुक्कर माणसावर उलटतं तेव्हा मांडी फाडतं. माझा कौल इथेच ठरला. तीस पावलांच्या पुढे मी आता बार टाकतच नाही.

खांद्याला धक्का दोन्हींचा सारखाच, शिसं तेवढंच असतं. पावसाळ्यात जुनी कागदी नळीची काडतुसं ओल धरून फुगतात आणि नळीत अडकतात, म्हणून प्लॅस्टिकचीच घ्या.

परवानगीचं एवढंच सांगतो : बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची परवानगी वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन विभागाचा लेखी कागद हातात असल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवू नका. मेलेलं जनावर सरकारचं, मटणाचे वाटे घालणं गुन्हा आहे. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, नेमकं तेव्हाच पीक उभं असेल तर झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) आणि राखणदार यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

काडतुसं घेताना लांबी जरूर बघा. आमच्यासारख्या जुन्या दुनळीचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० चं काडतूस त्यात सहज बसतं, म्हणून लोक फसतात. बार उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीवर आकडा कोरलेला नसेल तर आधी बंदूक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या, मगच दुकानात जा.