इन, ऑन, ॲटचा ऑनलाइन कोर्स केला, कसा वाटला ते सांगते

इंग्रजी वाचलेलं सगळं समजतं पण मेल लिहायला बसलं की इन टाकू, ऑन टाकू की ॲट, इथेच माझी गाडी अडायची, म्हणून फक्त प्रेपोझिशनवरचा एक रेकॉर्डेड कोर्स घेतला आणि सगळे व्हिडिओ दोन-दोनदा बघून झाल्यावरच हे लिहितेय.

शिकवणाऱ्या मॅडम नियमांची यादी पाठ करायला लावत नाहीत हे मला फार आवडलं. ॲट म्हणजे ठिपका, ऑन म्हणजे पृष्ठभाग, इन म्हणजे डबा, आणि तेच चित्र पुढे वेळेलाही लावायचं, घड्याळातली वेळ ठिपका म्हणून ॲट फाइव्ह, वार आणि तारखेला ऑन, महिना नि वर्ष मोठे डबे म्हणून इन जुलै, इन 2019. इन द मॉर्निंग बरोबर पण वार जोडला की ऑन मंडे मॉर्निंग होतं. ॲट नाइट मात्र तसंच लक्षात ठेवा म्हणाल्या, ओढूनताणून कारण दिलं नाही, बरं वाटलं.

आणि जागेचा भाग तर एकदम भारी आहे!! आपण बोटात अंगठी म्हणतो आणि झाडावर पक्षी म्हणतो, इंग्रजीत नेमकं उलटं, अंगठी ऑन द फिंगर आणि पक्षी इन द ट्री, म्हणजे मराठीतला 'त' दिसला की इन आणि 'वर' दिसला की ऑन असं मी इतकी वर्षं करत होते तिथेच चुकत होतं. कार आणि बस आपल्याला दोन्हीकडे 'मध्ये', पण तिकडे इन द कार आणि ऑन द बस, ज्यात उभं राहून चालता येतं त्याला बहुतेक ऑन, हे आता विसरणं शक्य नाही.

पण 'पर्यंत'वर कोर्स कमी पडतो. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देते म्हणजे बाय फ्रायडे आणि शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे म्हणजे अंटिल फ्रायडे, मराठीत शब्द एकच त्यामुळे आपली चूक इथे हमखास होते, मी स्वतः एकदा रिपोर्टसाठी अंटिल लिहिलं होतं आणि समोरच्याला काही कळलंच नाही, आणि याला व्हिडिओत जेमतेम दोन मिनिटं. 'पासून'चंही तसंच, दोन वर्षांपासून म्हणजे फॉर टू इयर्स, सिन्स लावायचं ते 2022 सारख्या सुरुवातीच्या वेळेला, हे सांगितलंय पण सरावाला तीनच वाक्यं.

अजून एक, टेस्टमध्ये ऑन द वीकेंड लिहिलं तर चूक धरतात, ॲट द वीकेंडच पाहिजे. अहो अमेरिकेत सर्रास ऑनच म्हणतात, ब्रिटिश पद्धत शिकवताय तर तसं आधी सांगा ना.

तरी ज्यांना माझ्यासारखं वाचता येतं पण लिहिताना हात थांबतो त्यांनी नक्की घ्या, अगदी नवीन असाल तर आधी साधी वाक्यं जमू द्या मग या. मॅडमनी 'पर्यंत'वर वेगळा व्हिडिओ काढावा असं मी त्यांना लिहिलंय, आला की इथेच सांगेन.