घरच्या रेकॉर्डिंगसाठी एसएसडी, हार्ड डिस्क की क्लाउड?

घरी रेकॉर्डिंग करणारे बहुतेक जण डिस्क घ्यायला निघतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. माझ्या मते तो नंतरचा. आज संध्याकाळी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं उद्या सकाळी त्या डिस्कवर दिसलंच नाही, तर ते कुठून परत मिळणार, हे आधी ठरवायला हवं. कामाची डिस्क आणि बॅकअपची डिस्क या दोन वेगळ्या खरेद्या आहेत आणि दोन्हींचे निकषही वेगळे आहेत.

तरी वेगाचा हिशेब करून टाकू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे तासाला ५२० एमबीच्या आसपास. गायकाला एक माईक, हार्मोनियमला एक, तबला-डग्ग्याला दोन आणि तानपुऱ्याचे दोन ट्रॅक धरले तर तासाभराच्या ख्यालाला जेमतेम ३.१ जीबी. सेकंदाला १ एमबीसुद्धा लिहायचा नसतो. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाते. तेव्हा नुसत्या रेकॉर्डिंगसाठी महागडी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) लागतेच, हे खरं नाही.

मग कामाच्या डिस्कसाठी मी एसएसडीच का सुचवतो? पहिलं कारण आवाज. आपल्याकडे गाणारा, माईक आणि कॉम्प्युटर बहुधा एकाच खोलीत असतात. फिरत्या डिस्कची घरघर संवेदनशील कंडेन्सर माईक उचलतो, आणि मंद्र सप्तकातल्या शांत आलापामागे ती ऐकू येते. दुसरं कारण सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या स्वरांचा संग्रह. पियानो किंवा व्हायोलिन सेक्शनची मोठी लायब्ररी वाजवताना हजारो छोटे तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात. हार्ड डिस्कचं हेड असे तुकडे सेकंदाला शंभरच्या आसपासच शोधू शकतं, एसएसडी हजारोंनी. नोट गळणं, मध्येच खरखर होणं हे बऱ्याचदा इथून येतं. शिवाय हार्ड डिस्क चालू असताना टेबलावरून पडली तर बहुतेक वेळा संपलीच.

एसएसडीतही निवड आहे. आतून साटा (जुनी, मंद जोडणी) असलेली सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास देते, एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असलेली १,००० पर्यंत. २,००० चा आकडा छापलेली डिस्क तेवढा वेग ठरावीक प्रकारच्या पोर्टवरच देते आणि तो पोर्ट बऱ्याच लॅपटॉपना नसतो. घरच्या कामाला साटा पुरते. सॅम्पलचं काम जास्त असेल तर एनव्हीएमई घ्या, त्यापुढचे पैसे बॅकअपला ठेवा. केबल मात्र डिस्कसोबत आलेलीच वापरा. मोबाईल चार्जरची टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण अनेकदा ती यूएसबी २.० ची निघते आणि वेग सेकंदाला ४० एमबीवर येतो. ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि डिस्क एकाच स्वस्त यूएसबी हबवर लावू नका; वीज कमी पडली की डिस्क मध्येच निसटते.

फॉरमॅटबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीबद्दलही इथेच सांगतो. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते म्हणून अनेक जण डिस्क एक्सफॅट करतात. पण एक्सफॅटमध्ये जर्नलिंग, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय, नाही. लिहिता लिहिता वीज गेली किंवा केबल निघाली तर फाइल्सची यादीच बिघडण्याचा धोका जास्त. रेकॉर्डिंगची डिस्क मॅकवर एपीएफएस, विंडोजवर एनटीएफएस ठेवा. एक्सफॅट फक्त देवाणघेवाणीच्या डिस्कला.

बॅकअपसाठी मात्र पारडं उलट झुकतं. तिथे वेग दुय्यम आणि जागा महत्त्वाची, आणि तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्क कितीतरी जास्त जागा देते. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: एसएसडी वीज न देता कपाटात पडून राहण्यासाठी बनलेली नाही. चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीने, लेखनमर्यादा संपल्यावर, ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना वर्षभर डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून बरीच जास्त टिकते, पण उष्णतेने हा काळ घटतो आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाट ३० अंशांवर राहत नाही. कोकणात आणि गोव्यात चिंता दमट हवेची. तिथे हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी लावून पाहा. लहान पोर्टेबल हार्ड डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या) असतात, मोठी कॉपी करताना मध्येच रेंगाळतात. बॅकअपला ते चालतं, थेट रेकॉर्डिंगला अशी डिस्क टाळलेली बरी.

दोन डिस्कवर एकच डेटा एकदम लिहिणारं (रेड असलेलं) नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घेण्याचा मोह होतो. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेला प्रोजेक्ट दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. एकट्याच्या घरगुती स्टुडिओला मी ते सुचवणार नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीला फाटा देऊ नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना एकाच कपाटातल्या दोन डिस्कचा काय उपयोग होता? २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत मोठ्या कंपनीच्या मूळ ध्वनिफितीही जळाल्या.

ही प्रत क्लाउडवर ठेवायची की दुसऱ्या घरी हार्ड डिस्कवर, हे तुमच्या अपलोड वेगावर ठरवा. ५०० जीबी चढवायला १०० एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट; ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) सलग ११ तास लागतात, २० एमबीपीएसवर दोन दिवसांहून जास्त. जोडणी सतत तुटत असेल तर डिस्क मावशीकडे ठेवणं आणि महिन्याकाठी बदलून आणणं बरं. क्लाउड घेतलात तर बॅकअपची सेवा घ्या. नुसतं सिंक करणारं फोल्डर तुम्ही इथे पुसलेलं तिथेही पुसतं, आणि उघडा प्रोजेक्ट अशा फोल्डरमध्ये ठेवला तर अर्धवट फाइल्स चढतात.

कॉपी करण्याआधी प्रोजेक्ट पूर्ण आहे ना, हे तपासा. फाइल्स इतरत्र विखुरलेल्या असतात. त्या एकत्र करायची सोय रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच असते: एबलटन लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्यूबेसमध्ये ‘बॅक अप प्रोजेक्ट’ आहे. रीपरमध्ये सेव्ह करताना मीडिया प्रोजेक्ट फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय निवडा. संपलेल्या गाण्याचा प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून सलग वेव्ह फाइल म्हणूनही काढून ठेवा. काही वर्षांनी प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेलं इफेक्ट किंवा वाद्य) उघडेल न उघडेल, वेव्ह उघडेल.

सगळे पैसे एकदम नसतील तर आधी २ टीबीची हार्ड डिस्क घ्या आणि तूर्त लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच रेकॉर्ड करा. त्यानंतर घराबाहेर ठेवायची दुसरी हार्ड डिस्क किंवा क्लाउड. बाहेरची एसएसडी सर्वांत शेवटी, आतली जागा खरोखर संपल्यावर. आणि पहिला बॅकअप झाला की त्यातला एक प्रोजेक्ट मित्राच्या कॉम्प्युटरवर उघडून पूर्ण वाजवून बघा.