अ‍ॅडमिट असलेल्या आईबाबांना कोणी चालवायचं: फिजिओ, मावशी की आपण?

वय झालेलं माणूस अ‍ॅडमिट झालं की जो तो म्हणतो पडून राहा, आराम करा. आम्हीपण न्यूमोनियाच्या वेळी आईला चार दिवस हेच सांगितलं, आणि पाचव्या दिवशी घरून स्वतःच्या पायांनी आलेल्या बाईला बाथरूमपर्यंत जाता येईना. उतारवयात अंथरुणात पाय किती झपाट्याने जातात बघा, 2007 साली अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना फक्त 10 दिवस झोपवून ठेवलं तर पायांचं सरासरी जवळपास 1 किलो मांस झडलं, आणि ते तर आजारीपण नव्हते.

डॉक्टरांनी चालवायला हरकत नाही म्हटलं की मग प्रश्न येतो कोणी चालवायचं.

फिजिओ शिकवतात ते खरंच सोनं आहे. आधी कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं नुसतं बसवायचं कारण एकदम उभं केलं की बीपी पडून चक्कर येते, मगच वॉकर हातात. पण ते येणार दिवसातून एकदा, थोडा वेळ, बाकी दिवसभर पेशंट बेडवरच.

ब्युरोकडून पैसे देऊन ठेवलेली, पेशंटजवळ थांबणारी मावशी रात्रीसाठी हवीच, रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती जास्त. फक्त पेशंट पडला तर बोलणी तिलाच बसतात, म्हणून बऱ्याच जणी डायपर बांधून मोकळ्या होतात आणि त्यांना दोष तरी कसा देणार. उठवून न्या, आम्ही जबाबदार, हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगा.

आपण स्वतः करायचं तर तंत्र येत नाही ही अडचण. मी आईचे दोन्ही हात धरून पुढून ओढत होतो, ते साफ चुकीचं, बाजूला अर्धं पाऊल मागे राहून कमरेला आधार द्यायचा असतो. पण वेळ आपल्याकडेच असतो, जेवण खुर्चीत बसवून देणं, मागून पट्टा असलेली चप्पल घरून आणणं, लघवीची नळी अजून लागतेय का असं राउंडला डॉक्टरांना विचारणं, हे दुसरं कोणी करत नाही. नळी असली की माणूस बेडला बांधल्यासारखं होतं.

माझं मत विचाराल तर एकच परवडत असेल तर फिजिओचे दोन-तीन दिवस घ्या आणि रोजचं चालवणं घरच्यांनी करा. दम लागला, छातीत दुखलं, गरगरलं की तिथेच बसवून सिस्टरना हाक मारायची. आणि फिजिओ किती वाजता येणार ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, त्या वेळी चहाला खाली जाऊ नका.