पीआयसी, पीजीएलएस की मिक्स्ड मॉडेल? प्रजातींची तुलना करणाऱ्यांसाठी

समज तू बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत झूलॉजी करतेयस, वढवाणा तलावावरच्या पाणपक्ष्यांच्या पायाची लांबी आणि ते किती खोल पाण्यात चरतात याचा टेबल तयार आहे, आणि आता साधं रिग्रेशन (दोन गोष्टींचा संबंध दाखवणारी सरळ रेषा) लावणार. नको लावूस. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक सगळे एकाच कुळातले, आखूड पाय त्यांना पूर्वजांकडूनच आलेत, म्हणजे दहा बदकं हे दहा वेगळे पुरावे नाहीत, पण साधं रिग्रेशन तसंच मोजतं आणि पी-व्हॅल्यू उगाच लहान येते, म्हणजे संबंध आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. प्रजातींचं नातं हिशोबात घेणाऱ्या तीन पद्धती आहेत: पीआयसी, पीजीएलएस आणि मिक्स्ड मॉडेल.

पीआयसी (फायलोजेनेटिक इंडिपेंडंट कॉन्ट्रास्ट्स) ही जीवशास्त्रज्ञ फेल्सेनस्टाइनची 1985 ची पद्धत. झाडावरच्या, म्हणजे प्रजातींच्या वंशवृक्षावरच्या, जोड्यांमधला फरक घ्यायचा, फांद्यांच्या लांबीप्रमाणे तो सारखा करायचा, 20 प्रजातींचे असे 19 फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मिळतात, आणि रेषा शून्यातून न्यायची. समजायला याच्याइतकं सुंदर काही नाही, पाच प्रजाती घेऊन एकदा हाताने करच. पण यात ब्राउनियन मोशन, म्हणजे गुणधर्म काळाबरोबर दिशाहीन, यादृच्छिकपणे बदलत गेला असं, धरूनच चालावं लागतं.

पीजीएलएस (फायलोजेनेटिक जनरलाइज्ड लीस्ट स्क्वेअर्स), म्हणजे वंशवृक्ष धरून केलेलं रिग्रेशन, मूळ जीवशास्त्रज्ञ ग्राफेनचं 1989 चं. गंमत म्हणजे ब्राउनियन धरलं तर याचा स्लोप (रेषेचा उतार) पीआयसीएवढाच येतो, अगदी तंतोतंत, त्यामुळे दोन्ही करून "दोन पद्धतींनी सिद्ध झालं" असं कृपा करून लिहू नकोस. खरा फायदा लॅम्डाचा, म्हणजे नात्याचा परिणाम किती धरायचा ते सांगणाऱ्या आकड्याचा, तो 0 आला तर साधं रिग्रेशन, 1 आला तर ब्राउनियन, मधलं काय ते डेटा ठरवतो, शिवाय अधिवासासारखे कॅटेगरीवाले घटकही सहज घालता येतात. आणि हे नीट लक्षात ठेव, लॅम्डा रेसिड्युअल्सचा (रेषेपासून उरलेल्या फरकांचा) बघायचा, खूप जण आधी प्रत्येक गुणधर्माचा वेगळा सिग्नल (त्यात नात्याचा ठसा किती ते) काढतात आणि तो कमी आला की झाडच सोडून देतात, ते चूक आहे. 15-20 प्रजातींवर लॅम्डाचा अंदाज फार डळमळीत असतो, ओयू मॉडेलचं (गुणधर्म एका ठरावीक मूल्याकडे ओढला जातो असं धरणाऱ्या ऑर्नस्टाइन-उलेनबेक मॉडेलचं) तर विचारूच नको, लहान झाडावर ते खोटं जिंकतं.

मिक्स्ड मॉडेल, म्हणजे नात्याचा परिणाम आणि एकाच प्रजातीतला फरक दोन्ही वेगळे धरणारं मॉडेल, तेव्हाच घे जेव्हा एकेका प्रजातीचे बरेच पक्षी मोजलेत किंवा उत्तर हो-नाही किंवा अंड्यांची संख्या असं आहे. हे बहुधा बेझियन पद्धतीने चालवतात, त्यामुळे प्रायर (आधीचे अंदाज) ठरवा, चेन (संगणकाच्या वेगवेगळ्या फेऱ्या) जुळल्या का बघा, वेळ जातो, पण अशा डेटाला सरासरी काढून पीजीएलएसमध्ये कोंबण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

माझं मत विचारशील तर तुझ्या टेबलाला लॅम्डावालं पीजीएलएस. झाडं बर्डट्रीवरून (पक्ष्यांचे वंशवृक्ष देणारी वेबसाइट) घे, ती ज्या 2012 च्या कामावर उभी आहे त्यात 9,993 प्रजाती आहेत, आणि एकाच झाडावर न थांबता शंभरेक झाडांवर चालव.

आणि ग्राफ काढून बघ, एका कोपऱ्यात बदकं, दुसऱ्या कोपऱ्यात बगळे-करकोचे, मधे काहीच नाही, असं दिसलं तर सगळा संबंध वंशवृक्षातल्या एका जुन्या फाट्यावर उभा आहे, तिथे यातली कुठलीच पद्धत पूर्ण वाचवत नाही, मग बदकांमध्ये वेगळं आणि बगळ्यांमध्ये वेगळं नातं टिकतं का तेच तपासावं लागेल.