भिशी, गट की पतसंस्था: हातात थोडे पैसे असतील तर

मागच्या महिन्यात नणंदेचा फोन आला. तिच्या मालकाचं पुण्यातलं काम सुटलं, दोघं लेकरं घेऊन गावी परत आले, हिशोबाचे ऐंशी हजार हातात आले अन् आता तीन माणसं तीन गोष्टी सांगून राहिले. चुलत सासरे म्हणतात पतसंस्थेत एफडी टाक, शेजारीण म्हणते भिशीत ये, अन् मी पडली बचत गटाची सचिव त्यामुळं मी काय सांगणार हे तिला आधीच माहीत. "वहिनी, मले काही समजून नाही ऱ्हायलं," म्हणे. मी म्हटलं थांब बाई, आधी हे सांग की तुमच्या घरी आता पैसा कोणत्या महिन्यात येणार.

कारण आपल्याकडं सगळं तिथंच अडते. वावर कोरडवाहू, सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगंमागं, कापसाचा चुकारा हाती पडेपर्यंत संक्रांत, तूर त्याच्याही नंतर, अन् खर्च मात्र सगळा जूनमध्ये एकदम येतो, बियाणं, डीएपी खताची १३५० ची बॅग, लेकरांची पुस्तकं, डवरणीची मजुरी. पगारदार माणसाचं कॅलेंडर वेगळं असते. पुण्यात होती तोवर तिचंही वेगळंच होतं.

आता भिशी. भिशीला मी नावं ठेवत नाही, आमच्या गल्लीत बारा जणींची महिन्याला हजाराची चालते, चहाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात अन् कोणाचं तरी लहान पोरगं एक उचलते, ज्याचं नाव निघालं त्याला बारा हजार. व्याज नाही, वही नाही, मजा आहे. बोलीची भिशी, म्हणजे जो जास्त रक्कम सोडायला तयार त्याला आधी पैसे, ती मात्र नीट समजून घ्या. समजा तिसऱ्याच महिन्यात गरज पडली अन् दोन हजार सोडून दहा हजार उचलले, तर ते दोन हजार बारा जणांत वाटले जातात, तुमच्याही वाट्याला १६६ रुपये परत येतात, पण हप्ता पुढं हजाराचाच भरत राहायचा. म्हणजे तेही कर्जच झालं, फक्त त्याला कर्ज कोणी म्हणत नाही. अन् पहिला नंबर घेऊन एखादी पुढं द्यायचंच बंद करते तेव्हा दाखवायला कागद नसतो, मग नातं तुटते नाहीतर पैसे बुडतात, बहुतेक वेळा दोन्ही होते. अंगणवाडी सेविका, चक्कीवाला, कंडक्टर, ज्यांच्याकडं दर महिन्याला काहीतरी येते त्यांना भिशी जमते. शेतकऱ्याच्या घरात ऑगस्टमध्ये हजार काढायचे कुठून?

पतसंस्थेचं म्हणाल तर माझं मन तिथं साफ नाही, ते आधीच सांगते. माझ्या सासऱ्यांचे साठ हजार तालुक्याच्या एका संस्थेत अडकले, कापूस विकून टाकले होते. पहिले "पुढच्या सोमवारी या" सांगत, मग मॅनेजर बदलला, मग शटर अर्धं खाली. शेवटी तुकड्या तुकड्यानं काही मिळाले. ते पासबुक अजून आमच्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, सासरे गेले तरी कोणी फेकत नाही.

तरी सगळ्या तशा नसतात. पानठेल्यावाल्याकडून रोज बचतीचे पन्नास रुपये नेणारा पिग्मी एजंट बँक सहसा पाठवत नाही, अन् टपरी टाकायला पंचवीस हजाराचं कर्ज बँकेपेक्षा पतसंस्थाच लवकर देते. पण एक फरक पक्का ध्यानात ठेवा. बँकेत, सहकारी बँक असली तरी, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२० पासून एकाचे पाच झाले. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही, दारावर कितीही मोठा बोर्ड असू द्या. समजा बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याज मिळालं, तर ऐंशी हजारांवर वर्षाला चोवीसशे होतात. त्या चोवीसशेसाठी ऐंशी हजार टांगायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. टाकायचेच असतील तर ऑडिटचा वर्ग विचारा, अ का ब का क, अन् सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा खरंच झाली का, की नुसत्या सह्या फिरल्या ते पाहा. सभासद म्हणून विचारायचा हक्क आहे तुम्हाला, लाजू नका.

आता गट. दर महिन्याच्या १० तारखेला समाजमंदिरात सतरंजीवर आम्ही बारा जणी बसतो, दोनशे रुपये काढायचे, हजेरी, वही, मग कोणाला काय पाहिजे ते बोलायचं. महिन्याला चोवीसशे, वर्षाला २८,८०० होतात. ऐकायला काहीच नाही. पण दोन वर्षांआधी जुलैत एकीच्या सुनेला रात्री साडेदहाला कळा सुटल्या अन् गाडीवाला डिझेलचे आधी मागून राहिला होता, तेव्हा पेटी माझ्या घरी, किल्ली अध्यक्षीणबाईच्या घरी, आम्ही टॉर्च घेऊन चिखलातनं गेलो अन् पाच हजार मोजून दिले, सही दुसऱ्या दिवशी घेतली. शेकडा दोन व्याज, म्हणजे पाच हजाराचे महिन्याला शंभर. सावकार शेकडा पाच घेते. दोन रुपयेही कमी नाहीत, वर्षाचे चोवीस टक्के होतात, पण ते शंभर आमच्याच पेटीत येतात अन् पुढच्या महिन्यात शेवयाच्या मशीनसाठी दुसरीला जातात, अन् शेवया आपल्याच आठवडी बाजारात विकल्या जातात. पैसा गावातच फिरते म्हणतात तो असा.

गटाची खोट पण सांगते. पाऊस दगा देते तेव्हा बाराही जणींना एकाच जूनमध्ये पैसे लागतात, पेटीत असतात चाळीस हजार अन् मागणी दीड लाखाची, मग रुसवे-फुगवे, कोणाचं लग्न आधी, कोणाचं खत आधी. अशा वेळी बाहेरून पैसा यावाच लागते, अन् बँक लिंकेज, म्हणजे गटाला बँकेचं कर्ज, त्याच्यासाठीच आहे. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या सरकारी बँकेनं १९९२ मध्ये पाचशे गटांपासून हे सुरू केलं. आता सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री पाळली की उमेद, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला बँकेकडं कर्जाचं प्रकरण टाकता येते, तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज. बँकेत चपला झिजतात हे खरं. अन् जिथं वही एकाच बाईच्या ताब्यात आहे, बाकीच्या फक्त अंगठा देतात, तिथं जाऊच नका.

एक घोळ टाळा. दर आठवड्याला मोटरसायकलवर येऊन पाच जणींना बसवून हप्ता नेणारे, त्यालाही बाया "गट"च म्हणतात. ते मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे, त्यात तुमची बचत काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं घरातले सगळे कर्जाचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नको अन् संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नको, हे मात्र पाठ करून ठेवा, सातला दारात उभा राहिला तर कामी येते.

नणंदेला मी शेवटी असं सांगितलं की साठ हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव, व्याज कमी मिळालं तर मिळू दे, मालकाचं काम ठरेपर्यंत त्याला हात लावू नको. वीस हजार घरात खर्चाला लागतीलच. तुझ्या गावचा गट पाह्य, पण आत जायच्या आधी एक बैठक नुसती बाजूला बसून पाह्य, वही कोण लिहिते, अन् मोठ्यानं वाचून दाखवते का. पतसंस्थेचं चुलत सासऱ्याला तूच समजाव, मी बोलली तर म्हणतील वहिनी आपलं जुनं दुःख काढून बसली.

"अन् भिशीवालीला काय सांगू? ती उद्या येते म्हणे."

म्हटलं, सांग तिला, संक्रांतीनंतर पाहू.