लॉजिसिम : तारांचे रंग आणि मोकळी टोके

डिजिटल लॉजिक नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती ब्रेडबोर्ड (तारा खोचून खरे सर्किट जोडण्याचा फलक) देण्यापूर्वी मी त्यांना लॉजिसिम उघडायला सांगतो. कार्ल बर्च यांनी जावामध्ये लिहिलेल्या या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये गेट (इनपुटवरून ० किंवा १ असे आउटपुट ठरवणारे घटक) मांडून, तारा जोडून सर्किट लगेच चालवून पाहता येते. त्याचे मोठेपण तारांच्या रंगांत आहे : १ असलेली तार उजळ हिरवी, ० असलेली गडद हिरवी, जिला कोणतेच आउटपुट मूल्य देत नाही ती निळी, आणि दोन आउटपुट एकाच तारेवर येऊन विरुद्ध मूल्ये देऊ लागले की लाल. मल्टिमीटर घेऊन तासभर शोधावी लागणारी चूक येथे नजरेलाच सापडते.

बेरीज शिकवताना तर त्याला तोड नाही. फुल ॲडर (दोन बिट आणि मागून आलेला हातचा मिळवणारे सर्किट) सबसर्किट म्हणून तयार करावा, तसे चार ओळीने जोडून ११११ मध्ये ०००१ मिळवावे आणि सिम्युलेशन थांबवून एकेक पायरी पुढे न्यावी. हातचा एका ॲडरमधून पुढच्यात सरकताना दिसतो, आणि अशा सरकत जाणाऱ्या हातच्याला, म्हणजे रिपल कॅरीला, वेळ का लागतो हे फळ्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

माझी तक्रार मूळ सेटिंगबद्दल आहे. टूलबारवरून घेतलेल्या अँड गेटला पाच इनपुट असतात. विद्यार्थी त्यांतील दोनच जोडतात, आणि उरलेली मोकळी टोके लॉजिसिम मुकाट्याने सोडून देत असल्यामुळे उत्तर बरोबर येते. हीच सवय घेऊन ते प्रयोगशाळेत येतात. तेथे ७४एलएस३२ या आयसीमधील (चिपमधील) ऑर गेटचे, म्हणजे कोणतेही इनपुट १ असले की १ देणाऱ्या गेटचे, एक इनपुट मोकळे राहिले की आयसी ते सहसा १ धरते, आउटपुट १ वर अडकते, आणि ‘सर, आयसी उडाली’ म्हणत दुसरी मागितली जाते. प्रोजेक्टच्या ऑप्शन्समध्ये, सिम्युलेशनखाली, अशा इनपुटसाठी एरर दाखवण्याचा पर्याय आहे. तो पहिल्याच दिवशी निवडावा.

ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणते आउटपुट हे सांगणारा तक्ता) भरताच के-मॅपसह (सूत्र सोपे करण्याच्या चौकटीसह) संक्षिप्त सूत्र आणि तयार सर्किट देणारी खिडकीही त्यात आहे. परीक्षेपर्यंत ती मुलांपासून लपवता आली असती तर बरे झाले असते.

मूळ लॉजिसिमचे काम २०१४ मध्ये थांबले. फ्लिप-फ्लॉपपाशी (एक बिट लक्षात ठेवणाऱ्या सर्किटपाशी) आल्यावर लागणारा, वेळेनुसार सिग्नल दाखवणारा आलेख त्यात नाही. त्यावरूनच पुढे विकसित झालेल्या लॉजिसिम-इव्होल्यूशनमध्ये तो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावे, मात्र मोकळ्या इनपुटचा पर्याय तेथेही तपासून पाहावा.